देवी निद्रेत असताना

आई बेशुद्ध पडली ती नेमकी नवरात्राच्या आधी, जगदंबा निद्रेला गेलेली असताना. आम्ही तुळजापूरचे. या दिवसांत देवीची मूर्ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निजवतात, हे मी लहानपणापासून पाहत आलेय. पण धाराशिवच्या दवाखान्यात आईच्या खाटेशी बसल्यावर पहिल्यांदाच ते मला खुपलं. ताप मेंदूत चढलाय, शुद्धीवर येतील की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. मला देवीचाच राग आला. आता हाका मारायच्या कुणाला? ती तर झोपलीय!

वॉर्डातल्या सिस्टर लोहाऱ्याकडच्या, माझ्याहून लहानच. आधी हात धुवायच्या, पडदा ओढायच्या आणि आईला हात लावण्यापूर्वी वाकून तिच्याशी बोलायच्या. "मावशी, कूस बदलते हां." "मावशी, सुई टोचणार हाय, जरा दुखंल." वॉर्ड भरलेला, चारी बाजूंनी हाका, तरी हे कधी चुकलं नाही. मी आधीच वैतागलेली. एकदा तोंडातून निघूनच गेलं, "अहो, तिला शुद्ध तरी आहे का? कुणाशी बोलताय?"

त्या चिडल्या नाहीत. आईच्या पाठीला उशी लावत म्हणाल्या, "असं नगा म्हणू ताई. झोपल्यालं माणूस ऐकतं. आपल्याला उत्तर येत न्हाय, एवढंच."

मी चमकून त्यांच्याकडं पाहिलं. देवीवरचा राग मी कुणाजवळही बोलले नव्हते. तिला पलंगावर नेताना किती जपून, अलगद उचलतात, ते डोळ्यांपुढं आलं. मी आईचा हात धरला आणि मनात देवीला म्हटलं, "बये, तू नीज. मी सांगत राहते. पुढचं तुझं तू बघ." मग रडू आवरेना.

आईनं डोळे उघडले तेव्हा वॉर्डात फरशी पुसणं चाललं होतं. वाटलं, आता माझं नाव घेईल. तर बया विचारते काय, "ती पोरगी कुठाय गं? सुई टोचायच्या आधी सांगायची ती?"

मी धावतच सिस्टरांकडं गेले. सांगताना हात आपोआप जोडले गेले. "अगं बाई, ऐकत हुत्या व्हय!" असं म्हणून त्यांनी डोळे पुसले आणि हात धुवायला वळल्या.

घट बसले, देवी पुन्हा सिंहासनावर आली. दर्शनाला उभी राहिले, पण मागायचं काही सुचेना. बेशुद्धीतल्या आईनं सगळं ऐकलं होतं. मग जगदंबेनं ऐकलं नसेल, असं कोणत्या तोंडानं म्हणू? उत्तर कधी द्यायचं ते आता तिच्यावर सोडलंय. मी आपली सांगत असते.