दत्तूचं सलाईन

आजारी दोस्ताला भेटायला मी हिंगोलीला गेलो आणि त्याचं सलाईन मला लागलं.

त्याचं असं झालं. मी आखाडा बाळापूरचा रहीम टेलर. माझ्या दुकानासमोर महादेवाचं देऊळ आहे आणि त्या देवळाचा गुरव दत्तू हा माझा पहिलीपासूनचा दोस्त. पण दोन महिने झाले, आमचं बोलणं बंद होतं. आमच्या शेळीनं त्याच्या देवळातला झेंडूचा आख्खा हार खाल्ला. (दोऱ्यासकट!) मी म्हणालो, "जनावर हाय, त्याला काय कळतं?" तो म्हणाला, "मालकाला तरी कळतं का?" झालं! समोरासमोर राहून आम्ही दोघं एकमेकांना दिसेनासे झालो.

मग कळलं, दत्तूला टायफॉइड झाला आणि हिंगोलीच्या एका दवाखान्यात त्याला ठेवलंय.

"जाऊन या की हो," माझी बायको नसीम म्हणाली.

"जायला काय, आत्ता जाईन. पण आपल्यात चालतं का? तो पडला गुरव. मौलानांना विचारावं लागंल."

खरं सांगतो, मला 'नाही' ऐकायचं होतं. मौलाना नाही म्हणाले की माझी अकडही शाबूत आणि मी धर्माला धरूनही! शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर मी अगदी गरीब चेहरा करून त्यांना विचारलं.

मौलाना माझ्याकडे बघतच राहिले. "रहीमभाई, आजाऱ्याची विचारपूस हा त्याचा हक असतो. शेजारी कुठल्या का धर्माचा असंना, शेजारी तो शेजारीच. आपले नबी आजारी यहुदी पोराच्या उशाशी जाऊन बसले होते. तुमी टायफॉइडवाल्या गुरवाकडं जायला फतवा मागून राहिले?"

"तसं न्हाई, मौलाना…"

"आजच जा. थोडाच वेळ बसा. धीराचं बोला. त्याला तकलीफ देऊ नका. अल्लाहकडं त्याच्यासाठी शिफा मागा, तो बरा होऊ दे म्हणा, आन् उठा."

एवढं सोपं सांगितलं होतं. चारच गोष्टी! त्यातल्या पहिल्या तीन मला धड जमल्या नाहीत.

लग्नसराई होती. दोन रात्री जागून मी नवऱ्या मुलीच्या गोतावळ्याचे ब्लाऊज शिवले होते. एसटीत बसलो तेव्हा डोळ्यांपुढे नुसते हुक तरंगत होते. दवाखान्यात पोचलो तर खोलीत दत्तू एकटाच, खिडकीजवळच्या खाटेवर. केवढा वाळला होता! मला बघून त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी स्टुलावर बसलो. धीराचं काय बोलावं ते आठवेना. शेवटी म्हणालो, "कसं हाय?"



थोड्या वेळानं दत्तू उठला, चपला पायात सरकवल्या आणि माझ्याकडे न बघता बाहेर निघून गेला. मी तसाच बसलो. दुपार टळत होती. खिडकीबाहेरच्या लिंबाची सावली भिंतीवर हळूहळू हलत होती. पडदा फुगायचा, बसायचा. पंखा एकाच सुरात काहीतरी गुणगुणत होता. म्हटलं, दोन मिनिटं दत्तूच्या खाटेवर पाठ टेकावी. दत्तू आला की उठू.

आणि मी कयाधूच्या काठावर पोचलो. नदीला पाणी भरपूर होतं, आणि त्या पाण्यावर या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं शुभ्र कापड अंथरलेलं. मी ते शिवत होतो. पलीकडचं टोक दत्तूनं धरलं होतं. तो दहा वर्षांचा होता आणि माझ्याशी बोलत होता! काय ते ऐकू येत नव्हतं, पण बोलत होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग कुणीतरी माझ्या दंडाला पट्टी गुंडाळली. मी म्हणालो, "दंडात सैल ठेवू का?" पट्टी आवळली, सुटली. मग हातात सुई टोचली.

आता कुणीही म्हणेल, इथं तरी माणूस जागा होतो. पण टेलरला सुई टोचली म्हणून टेलर उठायला लागला, तर त्यानं आयुष्यात झोपावं कधी? मी कूस बदलली आणि टीप पुढे चालू ठेवली.

त्यानंतर नदीवर पाऊस सुरू झाला. गरम थेंब, तेही फक्त माझ्या गालावर.

"दत्तू रे माझ्या लेकरा! कशी गत झाली रे तुझी! केवढी दाढी वाढली! ओळखूसुदिक येईना!"

कपाळावर कुणाचा तरी खरखरीत अंगठा फिरला आणि अंगाऱ्याचा वास आला. मी डोळे उघडले. नाकापर्यंत चादर, डोक्यावर लटकणारी बाटली, हातात नळी आणि तोंडावर ओणवी झालेली एक म्हातारी! मी ओरडलो, "या अल्लाह!"

म्हातारी दोन पावलं मागं सरली. "अगं बया! ताप डोस्क्यात गेला! पोरगं उर्दू बोलून राहिलं!"

ती दत्तूची साखरा गावची गंगूमावशी होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आरडाओरडा ऐकून नर्सबाई धावत आल्या. त्यांची ड्युटी नुकतीच सुरू झाली होती.

"तुमी दत्ता गुरव न्हाई?"

"न्हाई, मी भेटायला आलो."

"मग 'दत्ता गुरव का?' विचारलं तवा झोपेत 'व्हय' काहून म्हणले? आन् सुई टोचली तवा तरी बोलायचं की!"

"मला वाटलं बोटात गेली."

एवढ्यात दारातून खिंकाळल्यासारखा आवाज आला. हातात चहाचा पेला धरून दत्तू उभा होता. हसता हसता त्याचा अर्धा चहा सांडला होता. दोन महिन्यांनी तो माझ्याशी पहिलं वाक्य बोलला, ते असं : "रहिम्या, माझं सलाईन वापस दे!"

"तू बघितलं व्हतं मला झोपलेलं? उठवलं काहून न्हाई?"

"आलतो दारापावतर. लहान्या लेकरावानी झोपला व्हता. म्हटलं, झोपू दे. माझा राग तुझ्यावर हाय, तुझ्या झोपेवर न्हाई." मग खाली बघून म्हणाला, "आन् खरं तर रागबी न्हाई. तू आला तवाच गेला. पण एकदा भिंतीकडं तोंड केल्यावर वळायचं कसं, ते समजंना."

नर्सबाईंनी सुई काढली, मी उठलो, दत्तूला त्याच्या खाटेवर निजवलं आणि त्याच्यासाठी मनापासून दुआ मागितली. गंगूमावशींनी नारळपाणी आणलं होतं. त्यांनी ते मलाच दिलं. म्हणाल्या, "तुजी तब्येत जास्त खराब दिसते, बाबा."

चार दिवसांनी दत्तूला सुट्टी मिळाली. घरी जायच्या आधी तो थेट माझ्या दुकानात आला, असं नसीम सांगते. मी मशीनवर डोकं ठेवून झोपलो होतो. तो थोडा वेळ बसला, मला उठवलं नाही, आणि डॉक्टरांनी त्याला ताकदीसाठी दिलेली टॉनिकची बाटली माझ्या उशाशी ठेवून गेला.

ती बाटली मी संपवली. चांगला गुण आला. आता दुपारचीसुद्धा गाढ झोप लागते!