मालकांची पावणेसातची बॅच

फसव्या ईमेलपासून सावध कसं राहायचं हे अकरा कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना शिकवणारी ती एक छोटी संस्था. शिकवणारे तिघे, पण कुणाला, कुठे, कधी शिकवायचं हे ठरवणारी एकटी ताई. कुणाची मालमोजणी, कुणाची रात्रपाळी, सगळं तिला तोंडपाठ. तारखेसाठी ती त्या कंपन्यांच्या साहेबांना विचारतच नसे. साहेब लोक स्वतः रिकामे असतात ती वेळ देतात, हे तिने ओळखलं होतं. ती थेट पाळ्या लावणाऱ्या सुपरवायझरला फोन करी, "तुमची माणसं दमलेली नसतात ती वेळ सांगा." घरी नणंद चिडवायची, "वहिनी, मलाही एखादी तारीख द्या की." आणि ही बाई खरंच डायरी उघडायची.

तिचा एक नियम मात्र कडक. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना एक खोटी मेल जाई, परीक्षा म्हणून. जो तिच्यातली लिंक उघडेल तो पुढच्या वर्गात बसणार, मग तो कुणी का असेना.

यंदा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्याचे मालकच फसले. नाव गाळा, असा त्यांच्या ऑफिसातून निरोप आला. हे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, आणि करार याच महिन्यात संपत होता. ताईचे साहेब हबकलेच.

"ताई, एक नाव खोडायला काय जातं? हे गिऱ्हाईक गेलं तर दोघांना घरी बसवावं लागेल."

त्या दोघांत आपणही असू, हे तिला कळलं. पण मालकांना सूट दिली तर त्या यादीला काडीची किंमत उरणार नव्हती. तिने सरळ मालकांना फोन लावला.

"साहेब, गेल्या वर्षी मीही फसले. 'वेळापत्रकात बदल' अशी मेल आली आणि मी लगेच उघडली. ती खोटी मेल पाठवायची तारीख मीच ठरवलेली होती."

मालकांना हसू आवरेना. "मग काय केलंत?"

"वर्गात बसले. तुमच्यासाठी गुरुवारी सकाळी पावणेसातची वेळ ठेवलीय, पॅकिंगच्या बायकांबरोबर. तेव्हा तुम्हाला फोन येत नाहीत. मीही येते."

मालक आले. तोंड पाडून का होईना, आले. ताई शेजारीच बसली. पॅकिंगमधल्या एक मावशी उठून म्हणाल्या, "मी मेल उघडायच्या आधी पाठवणाऱ्याला फोन करते. विचारायला लाज कसली?" मालकांनी ते लिहून घेतलं.

तरी करारावर सही काही होईना. महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला, ऑफिसात सगळ्यांचे चेहरे उतरलेले. ताईने टेबलाचा खण आवरायला घेतला होता. तेवढ्यात मालकांचा फोन आला.

"ताई, 'नवा करार आणि पुढच्या वर्षीचं वेळापत्रक' अशी मेल तुमच्या नावाने आलीय. चार दिवस गावाला होतो, विचारायचं राहिलं, म्हणून उघडली नाही. तुम्हीच पाठवलीय ना?"

ताईचे डोळे भरून आले.

"मीच पाठवलीय, साहेब. उघडा."