सरांच्या केटलचा प्लग

मानेसरच्या त्या लॅबमध्ये मी सगळ्यांत कमी बोलणारी. लसीचा आरएनए पेशीत पोहोचवायला विषाणूचं वाहन वापरता येतं. आम्हाला ते टाळायचं होतं. चरबीच्या सूक्ष्म थेंबांत आरएनए गुंडाळायचा, हे माझं काम. एका पंपातून आरएनएचं पाणी, दुसऱ्यातून अल्कोहोलमध्ये विरघळलेली चरबी. दोन्ही धारा ठरल्या वेगाने मिसळल्या की थेंब आपोआप बनतात. माझे कधी सुरेख बनत, कधी नुसत्या गुठळ्या.

"मंडे तक देखते हैं," लॅबचे प्रमुख, आमचे सर, म्हणाले. "नहीं तो वायरस वाला रास्ता. तुम्हारा प्रोजेक्ट बंद."

मी "येस सर" म्हटलं.

घरी, गाझियाबादला, आई म्हणाली, "तिथे तोंडातून शब्द फुटत नाही, आणि राग सगळा माझ्यावर!" तेवढ्यात लाइट गेली. पंखा मंदावला, सोसायटीचा जनरेटर सुरू झाला, पंखा पुन्हा फिरू लागला. आईचं बोलणं थांबलंसुद्धा नाही. आम्हा सगळ्यांचंच तसं झालं होतं. ते चार-पाच सेकंद कुणी मोजतच नव्हतं.

लॅबमध्येही नाही.

सकाळी धीर करून मी लॅबच्या जनरेटरच्या खोलीत गेले आणि लाइट जाण्याच्या नोंदींचं रजिस्टर मागितलं. ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, ये तो आज तक किसी ने नहीं माँगा!" गुठळ्यांच्या प्रत्येक दिवशी, माझ्या प्रयोगाच्याच वेळेला लाइट गेल्याची नोंद होती. आरएनएचा पंप यूपीएसवर होता. चरबीचा मात्र भिंतीतल्या साध्या प्लगवर. लाइट गेली की तो क्षणभर थांबून आपला आपण सुरू होई, आणि तेवढ्यात धारांचं प्रमाण बिघडे. यूपीएसच्या उरलेल्या प्लगवर सरांची चहाची केटल होती.

मी ती काढली आणि तिथे चरबीचा पंप लावला.

शनिवारी धारा मिसळत असताना लाइट गेली. दोन्ही पंप चालत राहिले. गुठळी एकही नाही. ते थेंब मी पेशींवर सोडले. चाचणीच्या या आरएनएत हिरवं चमकतं प्रथिन बनवायची कृती होती. तो आत पोहोचला, तर पेशी चमकणार होत्या.

सोमवारी सर कडाडले, "मेरी केटल किसने निकाली?"



"मैंने, सर. पहले इधर देखिए."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सर मायक्रोस्कोपवर वाकले. अंधारात हिरव्या पेशी, दाटीवाटीने.

"वायरस के बिना?"

"बिल्कुल बिना. सिर्फ चरबी."

त्यांनी फोकस फिरवून पुन्हा पाहिलं.

"प्रोजेक्ट चालू रहेगा," शेवटी म्हणाले. "और चाय कैंटीन से मँगवाओ, सबके लिए. केटल तो अब गई."