वाक्य पुरं करणाऱ्या मोठ्या सिस्टर

मोठ्या सिस्टरांनी सव्वीस वर्षं इस्पितळात काढली आणि त्या सव्वीस वर्षांत एकाही रुग्णाला वाक्य पुरं करू दिलं नाही. यात दुष्टपणा अजिबात नव्हता. बाहेर बाकांवर साठ माणसं, आत डॉक्टर एक, आणि त्याचाही चहा गार होत आलेला. अशात एखादे आजोबा "त्याचं कसं झालं सिस्टर, मंगळवारी माझा भाचा..." अशी ऐसपैस बैठक मारायचे. आजोबा भाच्यावरून पोटावर येईपर्यंत मोठ्या सिस्टरांनी "जळजळतंय ना?" म्हणून कागदावर 'जळजळ, तीन दिवस' लिहिलेलं असायचं आणि पुढच्या माणसाला हाकही मारलेली असायची. आणि गंमत म्हणजे दहांतल्या नऊ वेळा ती जळजळच निघायची. नवे डॉक्टर रुग्णाची जीभ बघण्याआधी मोठ्या सिस्टरांचा चेहरा बघायचे, ते काही उगीच नाही.

घरीही हाच कारभार. यजमान बस चालवायचे. संध्याकाळी पाय धुऊन खुर्चीत टेकले की म्हणायचे, "अगं, आज त्या उतारावर काय झालं..."

"टायर फुटलं?"

"फुटलं. पण मला सांगू तर देशील!"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली तरी त्यांचा एकही किस्सा त्यांच्या तोंडून शेवटाला गेला नव्हता. शेजारीपाजारी म्हणायचे, जोडा कसा शोभतो, तो सुरू करतो, ती संपवते.

पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि मोठ्या सिस्टरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. आता बाई विणकाम करतील, नातवंडांची वाट बघतील, अशी सगळ्यांनी परस्पर व्यवस्था लावून टाकली. बाईंनी एकोणपन्नासाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं. एम.ए.च्या वर्गात पहिल्या दिवशी शिरल्या तर मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मॅडम आल्या. मोठ्या सिस्टर "बसा, बसा" म्हणाल्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः बसल्या.

संशोधनासाठी त्यांनी विषय निवडला, तो त्यांच्या हाडात मुरलेला: आजारी माणूस आपलं दुखणं कोणत्या शब्दांत सांगतो? विषय ऐकून भाषा विभाग म्हणाला, हे आरोग्याचं. आरोग्य विभाग म्हणाला, हे समाजशास्त्राचं. समाजशास्त्राच्या प्रमुखांनी चष्मा पुसत हे संस्कृतीचं असल्याचं सांगितलं आणि संस्कृतीचा विभाग कुठल्या मजल्यावर आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तीन महिने ती फाइल जिना चढत-उतरत राहिली. तिच्या मागोमाग मोठ्या सिस्टर, त्यांच्या त्या गुडघ्यांनिशी. शेवटी भाषा विभागातल्या एका तरुण सरांनी दया येऊन त्यांना पदरात घेतलं. सर त्यांच्या धाकट्या भावाहूनही लहान. पण मोठ्या सिस्टर त्यांना "सर" म्हणायच्या आणि सर त्यांना "सिस्टर". दोघांनाही दुसऱ्याचा थोडा धाक वाटायचा, त्यामुळे काम झकास चाललं.

मोठ्या सिस्टरांनी तीस रुग्णांना गाठलं, त्यांच्या परवानगीने बोलणं रेकॉर्ड केलं, शेजारी वहीत टिपणं घेतली. टिपणांवरून तक्ता झाला तेव्हा सर खुर्चीतून अर्धे उठले. तीसपैकी बावीस माणसांनी आपलं दुखणं 'टोचल्यासारखं' आहे असं सांगितलं होतं! त्यांत गवंडी होता, शिक्षिका होती, शिंपी होता.

"सिस्टर, शिक्षण वेगळं, धंदे वेगळे, वयं वेगळी, आणि शब्द एकच! हे मोठं आहे हो!" सरांनी त्याच दिवशी विभागप्रमुखांच्या कानावर घातलं. प्रमुखांनी इतरांच्या. आठवड्याभरात कॅन्टीनच्या रांगेत लोक मोठ्या सिस्टरांना पुढे जागा देऊ लागले.

उरलं होतं ते फक्त हमालीचं काम. प्रबंधाला मुलाखतींचं शब्दन् शब्द उतरवलेलं परिशिष्ट जोडावं लागतं. मोठ्या सिस्टर सकाळी कामं आटपून जेवणाच्या टेबलाशी बसल्या, कानाला हेडफोन लावला आणि पहिली मुलाखत सुरू केली.

गवंडी म्हणत होता, "म्हणजे कसं बघा, पाठीत खाली... असं एकदम..."

"टोचल्यासारखं?" एक ओळखीचा, ठसठशीत, घाईतला आवाज म्हणाला.

"हां. टोचल्यासारखं."

मोठ्या सिस्टरांनी फीत थांबवली. मागे नेली. पुन्हा लावली. मग दुसरी मुलाखत. मग तिसरी. शिक्षिका विचार करायला जरा थांबली, तेवढ्या फटीतून तो आवाज आत घुसला. शिंप्याने नुसता श्वास घेतला होता. दुपारी चार वाजता हिशेब पुरा झाला. बावीसपैकी एकवीस वेळा 'टोचल्यासारखं' हा शब्द आधी मोठ्या सिस्टरांनी उच्चारला होता. बाविसावी बाई आपण होऊन बोलली होती खरी, पण ती स्वतः निवृत्त नर्स होती.

यजमान आले तेव्हा बाई हेडफोन गळ्यात अडकवून भिंतीकडे बघत बसल्या होत्या.

"काय झालं गं?"

"मी तीस माणसांच्या मुलाखती घ्यायला गेले आणि माझीच मुलाखत तीसदा घेऊन आले."

यजमान पाणी प्यायले. "मला अठ्ठावीस वर्षं ठाऊक आहे हे," ते म्हणाले. "पण सांगणार कसं? वाक्य मोठं होतं."

दुसऱ्या दिवशी त्या सरांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. सरांचा चेहरा फुग्यातली हवा जावी तसा हळूहळू बसत गेला. प्रबंध द्यायला सहा आठवडे उरले होते. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत गेली. दुसरी मिळत नसे. तारीख चुकली की नाव कमी, दोन वर्षं पाण्यात.

"सिस्टर," सर आवाज खाली आणून म्हणाले, "प्रत्येक प्रबंधात 'अभ्यासाच्या मर्यादा' असं एक प्रकरण असतं. तिथे एक ओळ टाकू. मुलाखतकाराचा काही अंशी प्रभाव संभवतो. बास. कोण वाचतंय?"

"सर, पट्टी चुकीच्या पायाला बांधली तर मी केसपेपरवर 'मर्यादा' असं लिहून घरी जात नव्हते. सोडून पुन्हा बांधत होते."

"अहो, पण तीस माणसं! सहा आठवड्यांत!"

"इस्पितळात मी तीस माणसं चहाच्या आधी संपवत होते."

"तेच तर चुकलं ना?" सरांच्या तोंडून निसटलं आणि ते स्वतःच दचकले.

मोठ्या सिस्टर खो-खो हसल्या. "बरोबर बोललात. आता एकेकाला हवा तेवढा वेळ देते."

निश्चय करणं सोपं होतं. गप्प बसणं म्हणजे त्यांच्यासाठी पोहता येणाऱ्या माणसाने मुद्दाम बुडून राहण्यासारखं. यावर त्यांनी इलाज काढला. प्रश्न विचारायचा आणि तोंडात लिमलेटची गोळी टाकायची. ती विरघळेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. चावायची तर मुळीच नाही. पहिल्याच फेरीला शिक्षिकेने त्यांचा फुगलेला गाल बघून काळजीने विचारलं, "दाढ दुखतेय का हो? टोचल्यासारखं होतंय?" मोठ्या सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं, पण गोळी जागची हलली नाही.

मग शिक्षिका गप्प झाली. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येऊ लागलं. आणि मग ती आपण होऊन म्हणाली, "माझी डोकेदुखी ना, मागच्या बाकावरच्या पोरांसारखी आहे. मी समोर बघतेय तोवर शहाणी. पाठ फिरवली की सुरू."

मोठ्या सिस्टरांनी लिहून घेतलं.

गवंड्याला एका गोळीत जमलं नाही, दोन लागल्या. तो विटेसारखा एकेक शब्द रचत म्हणाला, "भिंत बाहेरून कोरडी असती बघा. रंगबिंग झकास. पण आतून ओल चढतीय, हे ज्यानं बांधली त्यालाच कळतं. तसं आहे पाठीचं." शिंपी म्हणाला, खांद्यात कोणीतरी दोरा ओढून ठेवलाय आणि गाठ मारायला विसरलंय. एक भाजीवाली म्हणाली, "दुखतं कुठे? नुसतं येऊन भाव करतं नि निघून जातं. घेत काहीच नाही. त्याचाच वैताग."

त्या निवृत्त नर्सबाई सोडल्या तर एकाही माणसाने टोचल्याचं नाव काढलं नाही. ज्याने त्याने जन्मभर जे हाताळलं होतं त्यातूनच आपलं दुखणं उचलून दाखवलं. मोठ्या सिस्टर रोज एकेक पत्ता गाठायच्या. जिने चढायच्या, अर्ध्यावर कठडा धरून उभ्या राहायच्या, गुडघ्यांना दोन शब्द सुनवायच्या आणि पुन्हा चढायच्या. यजमानांनी रजा टाकली आणि स्कूटरवर मागे बसवून त्यांना गल्लोगल्ली फिरवलं. इतक्या दिवसांत एकदाही "कशाला नसता व्याप" असं म्हणाले नाहीत. म्हणायला सुरुवात करायचे, पण बाई वाट बघत शांत बसलेल्या दिसल्या की त्यांनाच पुढचं सुचायचं नाही.

पाच आठवड्यांत एकोणतीस झाले. तिसावा होता कुलूपवाला म्हातारा. बाजारामागच्या बोळात त्याचं हातभर रुंद दुकान, भिंतभर किल्ल्या टांगलेल्या. मोठ्या सिस्टर गेल्या तेव्हा गल्ल्यावर त्याची सून होती.

"मामंजी? ते गेले हो. तीन आठवडे झाले," ती म्हणाली. "तुम्ही मागे आला होतात ना मशीन घेऊन? खूश होते. म्हणत होते, सिस्टर पुन्हा आल्या तर नीट सांगेन, त्या दिवशी शब्द सापडला नाही."

मोठ्या सिस्टर स्टुलावर बसल्या. गोळी पाकिटातच राहिली.

घरी येऊन त्यांनी त्याची जुनी मुलाखत लावली. म्हाताऱ्याचा खरखरीत, अदबीचा आवाज. "आता कसं सांगू... छातीत ना, आतल्या बाजूने असं..." आणि लगेच, "टोचल्यासारखं?" मग थोडा वेळ काहीच नाही. मग म्हातारा म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं."

त्यांनी ती सात वेळा ऐकली. मग डोळे पुसले, वही उघडली आणि तिसावी ओळ लिहिली.

तोंडी परीक्षेला तीन परीक्षक होते. मधले ज्येष्ठ परीक्षक वाचताना मान डोलावत होते. भाजीवालीच्या ओळीशी ते मोठ्याने हसले आणि शेजारच्यांनाही ती वाचून दाखवली. पहिल्या तीस मुलाखती कशा बिघडल्या यावर मोठ्या सिस्टरांनी एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. त्याला सरांनी आधी नाही-नाही म्हटलं होतं. ते प्रकरण परीक्षकांना सगळ्यांत आवडलं तेव्हा सर खिडकीबाहेर बघून नाक शिंकरू लागले.

मग ज्येष्ठ परीक्षक शेवटच्या पानावर आले.

"हे तिसावं. हे अर्धवटच आहे. एकतर जुन्या मुलाखतीतलं 'टोचल्यासारखं' घाला, नाहीतर ओळच काढा. एकोणतीस चालतील. तक्ता स्वच्छ दिसेल."

"घालणार नाही, सर. ते त्यांचं नाही, माझं आहे."

"मग काढून टाका."

"काढणारही नाही."

"बाई, एका ओळीसाठी निकाल अडवून ठेवायचा का?"

सरांनी टेबलाखालून मोठ्या सिस्टरांच्या पायाला हलकेच पाय लावला. नेमका शस्त्रक्रियेचा. त्यांनी ओठ मिटून कळ सोसली.

"अडवा," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षांत माझ्यासमोर किती माणसं आली नि त्यांतल्या किती जणांचं मी असं केलं, त्याचा तक्ता कुठेच नाही. त्यांची मिळून ही एक ओळ आहे. ती पुसली तर मी काय शिकले इथे येऊन?"

ज्येष्ठ परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. मोठ्या सिस्टरही गप्प राहिल्या, आणि या वेळी तोंडात गोळीसुद्धा नव्हती.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "राहू दे. पण खाली टीप द्या. वाचणाऱ्याला कळायला हवं."

टीप त्यांनी तिथेच, परीक्षकांच्या पेनाने लिहिली. तो प्रबंध आता विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. तिन्ही विभाग त्यावर हक्क सांगतात, म्हणून तो चौथ्याच कपाटात ठेवला आहे. शेवटच्या तक्त्यात तिसावी ओळ अशी आहे: 'कुलूपवाला, वय चौऱ्याहत्तर. "आता कसं सांगू... छातीत ना, आतल्या बाजूने असं..."' आणि खाली बारीक अक्षरात: 'इथे संशोधक मध्ये बोलली.'