शाळेतली तोंडतपासणी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला तर मी मॅट्रिकला पुन्हा बसलो हेही सांगितलं नव्हतं — पण ते तिनं हुडकलं. हे तिला हुडकता आलं नाही. कुणालाच नाही.

आमचं गाव सावद्याजवळ, केळीचं. घड कापायला टोळी बागेत शिरली की आधी तंबाखू — एकानं मळायची, बाकीच्यांनी चिमूट उचलायची, मळणाऱ्यानं शेवटी. मळणारा नेहमी नामदेव, माझा लहानपणापासूनचा जोडीदार. त्याच्या हातची तंबाखू म्हणजे काय विचारता! आणि मी? मी नकल्या. कुणाच्या दहाव्याला गेलो तरी लोक माझ्याकडं बघायचे — हा आता काय करतो?

ऐंशीनंतरची ती वर्षं. मराठी शाळेत जळगावचे डॉक्टर आले, तंबाखू खाणाऱ्यांची तोंडं तपासायला. रांग लागली. पुढं नामदेव, त्याच्यामागं मी. डॉक्टर बॅटरी मारून म्हणत, "आ करा. जीभ वर. गाल दाखवा." आता सांगा, समोर असं चाललेलं असताना माझ्यासारख्यानं गप्प बसायचं? मी रांगेतून बाहेर आलो आणि गुरांच्या बाजारातला दलाल झालो. "आबा, दोनदाती का चारदाती? पाहू बरं!" रांग हसू लागली. मग नामदेवाचा जबडा धरला. "चाल रे भो, तुले सावद्याच्या बाजारात उभा करतो!"

नामदेव हसून हसून खाली बसला. "मरो ते तपासनं," म्हणाला, "लोक मले जलमभर बैल म्हनतीन." आणि निघाला. त्याच्यामागं सगळे. डॉक्टर पेटलेली बॅटरी हातात धरून उभे.

इथवर गावाला ठाऊक आहे. इथवर लोक अजून हसतात. पुढचं?

पुढचं असं — त्या सकाळी दाढी करताना मला माझ्याच गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला होता. माझी पाळी जवळ येत होती. सगळ्यांदेखत डॉक्टरांनी काही म्हटलं असतं तर? म्हणून मी रांगच मोडली. आणि त्याच आठवड्यात, कापड आणायला जातो असं सांगून, एस.टी.नं भुसावळ गाठलं. तिथल्या एका डॉक्टरापुढं दार लावून तोंड उघडलं — एवढं, की तेच म्हणाले, पुरे! हा कॅन्सर नाही, म्हणाले, पण पुढं होऊ शकतो. तंबाखू आजच सोडा, दाखवायला येत राहा. सोडली. चट्टा हळूहळू गेला. गावात सांगितलं, तंबाखूनं पित्त होतं.

नामदेवाला एक वाक्य सांगायचं होतं — मी दाखवून आलो, तूही जा. एवढंच. रोज बागेत तो तळहात पुढं करी, मी नको म्हणे. "बायकोले भेला का रे?" "भेलो, भो." सगळी टोळी हसे. आमच्यात बायकोला भ्यालेला चालतो, आजाराला भ्यालेला चालत नाही. मी चालणारा भित्रा निवडला.

काही वर्षांनी त्याच्या तोंडात घास जाईना, तेव्हा मुंबईला नेलं. जबडा कापला. पुन्हा उगवलं. भेटायला गेलो तर उरलेल्या तोंडानं म्हणाला, "खोड कापलं रे भो, कंद राह्यला." केळीवाल्याला आणखी काय समजावणार? खोड कितीही छाटा, खाली कंद जिता असला की नवं पील फुटतंच.

मी तेव्हाही बोललो नाही.

आता तुम्ही म्हणाल, दोष तंबाखूचा. नाही. ते मी म्हणू देणार नाही. तंबाखूनं त्याला रांगेतून उठवलं नव्हतं. अडाणीपणाचा म्हणाल, तर मला चांगलं कळत होतं — भुसावळचं तिकीट काढण्याइतकं. झुरून वाळलो असंही समजू नका. झोप येते, भूक लागते, पँट कमरेत घट्ट होते. नकलाही करतो. फक्त ती एक करत नाही — आणि त्याचं श्रेयही मला नको.

नामदेवाच्या तेराव्याला त्याची बायको, सुमनवहिनी, वाढताना माझ्यापुढं थांबली. "भाऊ, तुम्ही सोडली, वाचले," म्हणाली. "ह्यायनं तुमचं आयकलं असतं त..."

त्यानं माझंच ऐकलं होतं.

मी मान हलवली, आणि ती वाढत होती ते जेवलो.