मराठी जड पडतं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझी सगळी थेरं ठाऊक आहेत. तुम्हाला सांगतो.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. पुण्यात संगणक शिकून मी रत्नागिरीला परत आलो होतो आणि नानांच्या छोट्या कचेरीत वेबसाइट बनवत होतो. गणपतीपुळ्याच्या आसपास जी माणसं आपल्या घरातल्या एकदोन खोल्या पाहुण्यांना देतात, त्या घरांची ही साइट. प्रोग्राम माझा, मजकूर शुभदाताईंचा. त्या घरोघर जाऊन, गप्पा मारून लिहीत. समुद्राची गाज कुठल्या खोलीत ऐकू येते, मागीलदारी फणस आहे की विहीर, आंबोळ्या कोण चांगल्या घालतं. मला ते वाचायला फार आवडायचं — त्यांना तसं कधी बोललो नाही, ही गोष्ट वेगळी.

घरं थोडी होती तोवर सगळं झकास चाललं. मग घरं वाढली आणि ऐन मेच्या तोंडावर यादीचं पान उघडेना. माणूस चहा पिऊन आला तरी पडदा पांढराच. नाना भडकले. पाहुणे कंटाळून जाताहेत, अशानं साइट गुंडाळावी लागेल, म्हणाले. आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, कशानं होतंय हे?

मी काय सांगितलं? "मजकूर फार आहे, नाना. त्यात मराठी. मराठी जड पडतं."

खोटं होतं का? तीच तर मेख आहे. मराठी अक्षर साठवायला इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते, हे खरं. पण तेवढ्यानं पान अडत नाही. कोणाच्या पिशवीत एक लिंबू जास्त होतं म्हणून एसटी घाटात बंद पडली, असं म्हणण्यासारखं ते होतं.

दोष माझ्या प्रोग्राममध्ये होता. मी वापरत होतो त्या तयार सांगाड्यात, फ्रेमवर्कमध्ये, नोंदींच्या कोठाराला म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारणं इतकं सोपं होतं, की आपण किती वेळा विचारतोय हे ध्यानातच येत नसे. माझा प्रोग्राम आधी घरांची यादी आणायचा. मग एकेका घरासाठी पुन्हा जाऊन त्याच्या खोल्या, पुन्हा जाऊन त्याचा मजकूर. लग्नाची आमंत्रणं करायला निघालेल्या माणसानं प्रत्येक घरानंतर पुढची पत्रिका आणायला परत आपल्या घरी यावं, तसं. शिवाय नोंदींना पुस्तकाच्या सूचीसारखा इंडेक्स नव्हता, म्हणून प्रत्येक खेपेला सगळ्या नोंदी पहिल्यापासून चाळल्या जायच्या. सगळं एकदम मागवायचं आणि इंडेक्स घालायचा — मोजक्या ओळींचं काम.

तुम्ही म्हणाल, नवखा होतास, कळलं नसेल. मीही इतकी वर्षं स्वतःला असंच समजावत आलो. पण नाही. मला कळलं होतं. नानांनी विचारलं त्याच्या आदल्याच दिवशी — डेटाबेसकडे जाणारे प्रश्न मी पडद्यावर उतरवून पाहिले होते, एकासारखा एक, पार खालपर्यंत. पुण्याहून शिकून आलेला म्हणून कचेरीत माझा भाव होता. तो जाईल, ही भीती. बस्, एवढंच.

शुभदाताई समोरच बसल्या होत्या. वाद घातला नाही. फक्त म्हणाल्या, "अरे, पण मग त्यात राहील काय?"

मी त्यांचा मजकूर काढून इंग्रजीत दोन-दोन ओळी टाकल्या आणि माझी दुरुस्ती मुद्दाम त्याच दिवशी चढवली. पान पटकन उघडायला लागलं. नाना खूश. म्हणजे मराठीच आड येत होतं म्हणायचं, असं म्हणाले. शुभदाताईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, हेच मला अजून सोसत नाही. पुढे त्यांच्याजोगं काम उरलं नाही. त्या चिपळूणला एका दुकानात नोकरीला लागल्या, लिहिणं सोडलं, असं कानावर आलं.

मजकूर मात्र मी पुसला नव्हता. धीर झाला नाही. साइट अजून मीच सांभाळतो. गेल्या आठवड्यात तो सगळा मजकूर परत चढवला, प्रत्येक पानाखाली त्यांचं नाव घालून. लगोलग नेवऱ्याच्या एका काकूंचा फोन आला, त्यांच्याकडेही दोन खोल्या आहेत. मुंबईची कोणी बाई त्यांना विचारत होती, मागीलदारी फणसाखाली बसून आंबोळ्या खायला मिळतील का. "तिला हे कोणी सांगितलंन रे?" काकू हसत होत्या. शुभदाताईंनी, मी म्हटलं. मग शुभदा परत आली की काय, हे त्यांनी इतक्या आनंदानं विचारलं की फोन ठेवल्या ठेवल्या मी चिपळूणला जायचं ठरवलं.

उद्या सकाळी चिपळूणला जातोय. आधी शुभदाताईंना सांगेन, मग नानांना. मधल्या काळात आलेल्या घरांचं अजून कोणी काही लिहिलेलं नाही. ते काम त्यांचंच आहे. घ्यायचं की नाही, ते त्या ठरवतील.

आत्ता पुन्हा एकदा यादीचं पान उघडून पाहिलं. चटकन उघडलं, त्यांच्या सगळ्या शब्दांसकट. तेव्हाही उघडलं असतं.