देवीच्या डाव्या खांद्यावरची पाकळी

इतकी वर्षं गप्प बसलो, मग आताच का तोंड उघडतोय, असं तुम्ही विचाराल. खरं सांगू? मलाही नीट माहीत नाही. बायकोला हे सांगितलेलं नाही, मुलांना नाही. आई शेवटच्या आजारात असताना एकदा ओठांपर्यंत आलं होतं — पण मी तिला पाणी हवंय का म्हणून विचारलं आणि तांब्या आणायला उठलो. आणि शिवाला, ज्याला सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्याला तर मुळीच नाही.

तसं पाहिलं तर गोष्ट चाफ्याच्या एका पाकळीची आहे. हसू नका. मीसुद्धा पुष्कळ दिवस ती हसण्यावारीच नेत होतो.

आधी माझी एक खोड सांगतो. लहानपणापासून मला कुठलीही गोष्ट अशी का होते हे पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. मोटेचं चाक वर येताना कुरकुरतं आणि खाली जाताना का नाही? उताणा केलेला किडा सरळ कसा होतो? मांजर दुधाला जीभ लावतं तेव्हा दूध वर कसं चढतं? या असल्या पाहणीपायी मी दूध सांडलंय, बोटाला विंचू चाववून घेतलाय आणि आईचा मारही खाल्लाय. ती म्हणायची, "ह्ये पोरगं उद्या देवाला बी इचारंल, तुला कुणी जलम दिला म्हणून." ती हे हौसेनं सांगायची का काळजीनं, हे मला आजवर कळलेलं नाही.

शिवा माझा चुलतभाऊ. माझ्याच वयाचा, आम्ही दोघं एका ताटात जेवलेले. आमचं गाव औंधच्या पूर्वेला, माळरानाकडेचं. दुसरी मोठी लढाई चालू होती आणि माझे वडील पलटणीबरोबर दूर मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये होते. घर सांभाळायचे ते शिवाचे वडील, म्हणजे माझे चुलते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. शिवा माझ्यापेक्षा हुशार होता — हे मी आता मोठेपणानं म्हणत नाही, गावाला ठाऊक होतं. चावडीवर शिळं वर्तमानपत्र यायचं, ते तो कट्ट्यावर उभा राहून मोठ्यानं वाचायचा आणि ज्यांची पोरं लढाईवर होती ती सगळी माणसं त्याच्याभोवती बसायची. माझी आईसुद्धा चावडीच्या भिंतीआड पदर घेऊन उभी राहायची. मिसर हा शब्द आला की शिवा तिच्यासाठी ती ओळ पुन्हा एकदा वाचायचा, जरा सावकाश. कुणी त्याला तसं सांगितलेलं नव्हतं.

आम्ही चौथी पास झालो आणि शाळेचा प्रश्न आला. जवळच्या बाजाराच्या गावी इंग्रजी तिसरी, म्हणजे आताच्या सातवीपर्यंतची शाळा होती. सकाळी भाकरी बांधून चालत जायचं, दिवस मावळायला घरी. तिसरीनंतर तिथं पुढं काही नाही. दुसरी शाळा साताऱ्याला. तिथं मॅट्रिकपर्यंत वर्ग आणि राहायला बोर्डिंग. घरात गडीमाणूस एकटे आबा. मोटेवर, गुरांपाशी एक पोरगा संध्याकाळचा तरी हाताशी हवा. म्हणजे एकानं साताऱ्याला जायचं आणि एकानं जवळच्या शाळेत — इतकं सरळ होतं.

मला सातारा का हवा होता? मॅट्रिकसाठी? छे, मॅट्रिक म्हणजे काय हे मला कुठं माहीत होतं. पाटलांचा थोरला मुलगा तिथं शिकत होता. सुट्टीत आला तेव्हा त्यानं सांगितलं, शाळेत एक काचेचं कपाट आहे, त्यात पितळेची एक नळी आहे, तिच्याखाली माशीचा पाय ठेवला की तो अस्वलाच्या पायासारखा केसाळ दिसतो. झालं. मला अन्न गोड लागेना. माशीच्या पायाला केस असतात आणि ते बघायची सोय साताऱ्यात आहे — आणि मी इथं?

आबांची मात्र पंचाईत झाली. एका बाजूला पोटचा पोरगा, दुसऱ्या बाजूला लढाईवरच्या भावाचा. ओसरीवर बसून ते आईला म्हणाले, "वैनी, माझा धाडला तर लोक त्वांडात शेण घालत्याल. तुमचा धाडला तर घरात त्वांड दाखवायची चोरी. म्या न्हाई ठरवणार. देवीला कौल लावू." आमच्याकडे सोयरीक, विहिरीची जागा, असलं काही अडलं की माळावरच्या देवीला कौल लावायची रीत होती. गुरव देवीच्या ओल्या अंगावर दोन पाकळ्या चिकटवतो, आणि कुठली आधी पडते त्यावरून देवीचं म्हणणं कळतं. आबांनी ठरवलं: ज्याची त्यानं आपल्या हातानं पाकळी द्यायची, माझी उजव्या खांद्यावर, शिवाची डाव्या. ज्याची आधी पडेल तो साताऱ्याला.

आता इथं थोडं थांबतो. थांबणं म्हणजे टाळणंच, मला कळतंय — पण हे आधी सांगायला हवं.

त्याच्या बऱ्याच आधीपासून मी विहिरीवर एकटाच कौल-कौल खेळत होतो. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्याशी एक काळा गुळगुळीत दगड होता, सदा ओला. त्याला पाकळ्या लावायच्या आणि बघत बसायचं. एखादी लगेच का पडते आणि एखादी का चिकटून राहते? मी कण्हेर लावून पाहिली, झेंडू लावून पाहिला, बाभळीचा पाला लावून पाहिला. शेवटी चाफ्यानं दाद दिली. चाफ्याची ताजी पाकळी ताठ असते, कडेला मुडपलेली. ती दगडाला पुरती टेकतच नाही, आणि घसरते. तीच पाकळी मुठीत धरून मऊ पडू दिली, की ओल्या फडक्यासारखी दगडाला बसते, हलता हलत नाही. हे कळलं त्या दिवशी मी विहिरीवर एकटाच नाचलो होतो. तेव्हा त्यात काही पाप नव्हतं. होतं का? नव्हतं.

कौलाच्या दिवशी शिवा उपाशी होता. त्याला कुणी उपास धरायला सांगितला नव्हता. मीही धरला असं सांगितलं होतं, आणि आईचा डोळा चुकवून गूळ खाल्ला होता. देवळामागंच चाफा होता. शिवा म्हणाला, "दिन्या, फुलं तू काढ. म्या आंगूळ करून येतो, देवीचं काम हाय." आणि तो विहिरीकडे गेला.

मी दोन पाकळ्या तोडल्या. एक चाफ्याच्या पानावर ठेवली. दुसरी मुठीत धरली.

तो येईपर्यंत धरून ठेवली. मूठ घामेजली होती. तो आला, केस निथळत होते, अंगावर धुतलेली पैरण. मी मूठ उघडून त्याच्यापुढं धरली. पाकळी जरा कोमेजलेली दिसत होती, ते त्याला दिसलंच असणार. पण माझ्या हातातली चांगली आणि आपली वाईट असं म्हणायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं ती घेतली, कपाळाला लावली आणि आत गेला.

गुरवानं देवीला स्नान घालून ठेवलं होतं. काळा पाषाण चमकत होता. त्यानं दोन्ही पाकळ्या लावल्या, आबांनी गाऱ्हाणं घातलं — देवी, दोन्ही लेकरं तुझीच, जे खरं असंल ते दाव. आणि तुम्हाला एक विचित्र गोष्ट सांगतो: त्या घटकेला मी सातारा विसरलो होतो. मी फक्त बघत होतो, विहिरीवर बघायचो तसा. विहिरीवरचा दगड हा दगड, पण ही तर देवी — हिलाही तेच लागू पडतं का? माझी पाकळी जरा सरकली. अडली. आणि पडली. डाव्या खांद्यावरची पाकळी तशीच होती. आम्ही निघेपर्यंत ती पडली नाही.

काकीनं, शिवाच्या आईनं, डोळ्यांना पदर लावला. आबा म्हणाले, "देवीनं दिलं. आता ह्यावर कुणी बोलायचं न्हाई." आणि शिवा? शिवानं वाकून माझी पडलेली पाकळी उचलली आणि माझ्या टोपीच्या घडीत ठेवली. "जपून ठेव गड्या," म्हणाला, "देवीनं तुला दिलीया."

मला साताऱ्याला पोचवायला आबा आले. शिवा रहिमतपूरपर्यंत माझी ट्रंक डोक्यावर घेऊन बैलगाडीच्या मागून चालला; गाडीत जागा होती तरी. पाकळी मी पुढं मोटारीच्या खिडकीतून टाकून दिली. कोळशावर चालणारी मोटार होती ती. ड्रायव्हर तिची भट्टी कशी पेटवतो हे बघायच्या नादात मी शिवाला हात करायचाही विसरलो.

माशीचा पाय मी पाहिला. केसाळ असतो. आणि एकदा विज्ञानाच्या मास्तरांनी काचेच्या दोन पट्ट्या ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या आणि म्हणाले, ओढा. ओढवेनात. सपाट पृष्ठभाग पुरता टेकला की मधलं पाणीच धरून ठेवतं, असं त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. मला पहिल्यांदा काय झालं असेल? आनंद. अस्सा आनंद, की मी बाकावरून अर्धा उठलो — माझं बरोबर होतं, पाकळीचं माझं बरोबर होतं! लाज मागाहून आली, बोर्डिंगात, जेवताना. पण आधी आनंद झाला, हे मला लपवायचं नाही.

दिवाळीला घरी गेलो तर शिवाची शाळा सुटलेली. मला वाटलं, गुरांमुळं असेल, आबांनी काढलं असेल. तसं नव्हतं. आबा उलट त्याच्यावर चिडले होते, एकदा हातही उगारला होता. गोठ्यात शेण भरता भरता शिवानंच मला सांगितलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. "देवीला ठाव असतं गड्या, कुणाच्या डोक्यात काय हाय त्ये. माझी पाकळी तिनं सोडलीच न्हाई. मग म्या कशापायी डोकं फोडून घिऊ?"

समजलं तुम्हाला? आबांनी आपल्या मनानं मला धाडलं असतं तर तो आबांवर चिडला असता, माझ्यावर चिडला असता, आणि ईर्ष्येनं जवळच्या शाळेत पहिला आला असता. साताऱ्याला गेला नाही म्हणून काही शिवा बुडाला नव्हता. जवळची शाळासुद्धा त्याला पुरली असती. पण देवीनंच नाही म्हटलं होतं. तिच्यापुढं कुणाकडं दाद मागणार? त्यानं चावडीवरचं वाचनही सोडलं. आता ते पाटलांचा धाकटा वाचायचा, अडखळत, आणि मिसर आलं तरी तशीच ओळ ओढून पुढं जायचा. आई भिंतीआड उभी राहायची आणि काही न समजता परत यायची. वडील परत येईपर्यंत हे चाललं.

गोठ्यात त्या दिवशी मी एका वाक्यात सगळं मोडू शकलो असतो. तुझी पाकळी मी मुठीत धरली होती — बस, एवढंच. त्यानं बहुधा मला मारलं असतं आणि दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून तो शाळेत गेला असता. मी काय केलं? मी म्हणालो, "व्हय, खरं हाय तुझं." हे माझे शब्द. आजही मला ते त्याच्या बोलीतच ऐकू येतात.

पुष्कळ वर्षं मी स्वतःची समजूत घातली, की मी देवीची परीक्षा पाहत होतो. एक जिज्ञासू पोरगं, दुसरं काय! पण जिज्ञासाच होती तर मऊ पाकळी मी माझ्यासाठी का ठेवली नाही? प्रयोग तर तसाही झाला असता. तेव्हा ते राहू द्या. मला सातारा हवा होता आणि शिवाला तो मिळेल याची भीती होती. मी मॅट्रिक झालो, पुढं शिकलो, आयुष्यभर साताऱ्यातच पोरांना विज्ञान शिकवलं. ओल्या काचा दरवर्षी दाखवल्या. पाकळीचं उदाहरण कधी दिलं नाही.

शिवा गावातच आहे. त्याच्या नातवंडांना जवळच्या शाळेत घालायचं का लांबच्या, हे तो मला विचारून ठरवतो. म्हणतो, दिन्याला देवीनं निवडलंय. दर वर्षी देवीच्या जत्रेत तो माझ्या नावानं नारळ फोडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर त्यातली खोबऱ्याची एक कवड मला साताऱ्याला पाठवतो. ती पोचेपर्यंत जरा सुकलेली असते, पण गोड असते.

यंदाचीही आली. बायकोनं किसून चटणी केली, आणि मी जेवलो.